अष्टमीचे दोन बिंदू

गुरुवारी दुपारी सव्वातीन वाजता तू नववीच्या वर्गात खुर्चीवर बसलीस आणि टेबलावर डोकं ठेवलंस. मुलींनी मला बोलावलं. साडेपाच वाजता जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टर बाहेर आले आणि तू गेल्याचं त्यांनी सांगितलं.

शैला, एवढं लिहून मी कितीतरी दिवस थांबले. यापुढे काही लिहिता येईना. वेळा बरोबर आहेत, कारण मी घड्याळ बघितलं होतं. कशासाठी बघितलं ते माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी त्यांना विचारलं, "म्हणजे आता काय करायचं?" मग मी बाकावर बसले आणि मनात गाड्यांच्या वेळा लावू लागले. साडेपाचची एस. टी. चुकली, आता सातची मिळेल, तू खिडकीशी बसशील, तुला गाडी लागते. हे सगळं मी तू गेल्याचं कळल्यानंतर ठरवत होते. हिशेबात तू होतीस.

अजून असते. काल मधल्या सुट्टीत मी दोन चहा घेऊन आले.

तुझं शिक्षण किती, नोकरी किती वर्षं, हे मुख्याध्यापकांनी शाळेच्या फलकावर लिहिलं आहे. त्यात एक ओळ आहे, 'संगणकाद्वारे विज्ञान शिकवण्याची आवड.' आवड! ती ओळ वाचून तू कशी हसली असतीस ते मला ऐकू येतं. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते त्या आवडीबद्दलच. आणि एका चुकीबद्दल. ती चूक तुझी म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितली होती.

आपल्या शाळेत पहिले तीन संगणक आले तेव्हा त्यांना हार घातले होते, आठवतं? वर्षभर ते प्लास्टिकच्या झाकणाखाली होते. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत बोलायचं नाही, देऊळच. तू रविवारी मालवणला क्लासला जायचीस आणि आकड्यांचे तक्ते कसे करायचे, त्यांचे आलेख कसे काढायचे ते शिकून यायचीस. मला वाटलं होतं, तू त्यावर गुणपत्रकं करशील. तू लोलक केलास.

पडद्यावर आलेख आणि त्याच्याखाली तीन सरकपट्ट्या. एक दोरीच्या लांबीची, एक गोळ्याच्या वजनाची, एक गोळा किती बाजूला ओढला त्याची. पट्टी सरकवली की वरची रेषा बदलायची. पण सरकवायच्या आधी मुलांनी वहीत पेन्सिलीने आपला अंदाज काढायचा. त्याशिवाय तू कुणाला हात लावू देत नव्हतीस. "आधी काढा, मगे हलवा," हे तुझं वाक्य पोरं तुझी नक्कल करताना म्हणायची. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की बॅटरीवर पंधरा मिनिटं मिळत. तुझे तास त्या पंधरा मिनिटांच्या मापाचे असत.

माझा गणिताचा तास आटोपून मी दारात उभी राहिले आणि तो पहिला तास बघितला. लांबीच्या पट्टीशी रेषा पसरली, मुलं खूश. मग वजनाच्या पट्टीची पाळी आली. सगळ्यांनी अंदाज काढलेले, जड गोळा जोरात हलणार. एका पोराने पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेली. रेषा तशीच.

"बाई, ही पट्टी मोडली."

"मोडूक नाय."

"हलवतंय तरी काय्येक होत नाय."

"मगे तसांच लिव. काय्येक होत नाय."

"असां लिवन गुण गावतले?"

"अरे, त्याचेच तर गुण आसत!"

मुलं हसली. तास संपल्यावर मी तुला म्हटलं, "शैला, समज ती पट्टी तू जोडूकच नसशीत. पोरांका काय कळतलां?"

"म्हणजे माझ्यार विश्वास नाय तुझो?"

"माझो आसा. पण पोरांचो विश्वास लोलकार होयो. तुझ्यार नको."

तू काही बोलली नाहीस. तुला राग आला की तू गप्प होतेस आणि विचार करायला लागलीस तरी गप्प होतेस. इतक्या वर्षांत त्या दोन तऱ्हांच्या गप्प बसण्यातला फरक मला ओळखता आला नाही. दुसऱ्या दिवशी तू घरून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणलीस, एक नारळ आणलास आणि प्रयोगशाळेच्या तुळईला सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या बांधून दोन्ही टांगलेस. "घे तुझो लोलक," म्हणालीस. पोरांनी मोजलं. नारळ शिशाच्या मागे पडला. थोडाच, पण पडला. वर्गात एकच ओरडा, "पट्टी खोटी! बाईची पट्टी खोटी!" मीही आत कुठेतरी सुखावले, आता कबूल करते. तू शांतपणे फूटपट्टी घेतलीस आणि दोरी कुठपर्यंत मोजली ते पोरांना विचारलंस. गाठीपर्यंत, ती म्हणाली. नारळ केवढा आणि शिसं केवढं, तू विचारलंस. मग गाठीपासून नारळाच्या मध्यापर्यंतची लांबी त्यांनीच मिळवली, दोरी तेवढी वर ओढली आणि दोन्ही लोलक बरोबरीने चालू लागले.

त्या दिवशी आपला करार झाला. रेषा तुझी, बिंदू माझे. तू सूत्रावरून पडद्यावर रेषा काढायचीस. मुलं खरं काहीतरी मोजणार, आणि त्यांच्या मोजणीवरून मी आलेखाच्या कागदावर हाताने बिंदू काढणार, तुझी रेषा न बघता. मग दोन्ही कागद स्टाफरूमच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. वर फेकलेला चेंडू आपण असा बघितला, उतारावरून सोडलेली सायकल बघितली, खाडीच्या धक्क्याजवळच्या वळणावरून सुटणारी एस. टी. सुद्धा बघितली. ड्रायव्हरने गियर कुठे बदलला ते माझ्या बिंदूंत दिसलं आणि तुझ्या रेषेत नव्हतं, तेव्हा तू दोन दिवस खपून रेषेला गियर बसवलास. आपण भांडायचो. मी म्हणायची, पडद्यावर सगळं गुळगुळीत होतं, मुलांना वाटतं जग तसंच आहे. तू म्हणायचीस, खडबडीत दिसायला आधी गुळगुळीत काय ते माहीत असावं लागतं. हे भांडण कधी संपलं नाही. ते संपवायची घाई आपल्या दोघींनाही नव्हती. वेळ आहे असंच वाटत होतं.

मग तू म्हणालीस, "लोलक बिचारो गरीब. बांधशीत तसो हलता. आता मी समुद्र घेतंय. तो माझोय ऐकूचो नाय आणि तुझोय."

मी भाताच्या आणि काजूच्या गावची. इथे नोकरीला येईपर्यंत समुद्र म्हणजे मला दिसतो तेवढाच होता. भरती येते, ओहोटी जाते, संपलं. तू खाडीकाठची. तुझे बाबा होडीवर जात, आये बाजारात मासे विकते, तुमच्या घरात घड्याळाच्या आधी पाण्याची वेळ बघतात. बाबांचा नियम तू मला सांगितलास, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती पुरी. अष्टमीला सहा. आपल्या धक्क्यासाठी त्यातून थोडा वेळ वजा करायचा, तो किती ते प्रत्येक घराचं वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं.

तुझ्या आलेखात तीन रेषा होत्या. एक चंद्रामुळे चढणाऱ्या पाण्याची, एक सूर्यामुळे चढणाऱ्या पाण्याची आणि तिसरी दोघांच्या बेरजेची. खाली तिथीची पट्टी. अमावास्येला दोन्ही रेषा एकमेकींच्या खांद्यावर बसायच्या आणि तिसरी उंच जायची, ते उधाण. अष्टमीकडे पट्टी नेली की एक चढताना दुसरी उतरायची आणि तिसरी जेमतेम हलायची, तो भांग. मी ती पट्टी त्या दिवशी कितीतरी वेळ पुढेमागे केली. खिडकीतून खाडी दिसत होती. ती तशी का वागते याला काही कारण आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पण तुला वेगळंच हवं होतं. तुझ्या गणिताप्रमाणे भरतीची वेळ रोज सारखी पुढे सरकत नव्हती. उधाणाच्या आसपास थोडी कमी, भांगाच्या आसपास बरीच जास्त. बाबांची पाऊणपट सरळ रेषा, तुझी वाकडी.

"म्हणजे बाबा चुकत हुते?" मी विचारलं.

"चुकत नसतले गो. भांगात पाण्याक ओढ नसता, बाबा होडी काठाकच ठेवत. जंय नियम चुकता तंय तो वापरूचीच पाळी येऊक नाय." मग म्हणालीस, "माका वाटता असां. बघूक होयां."

बघायला तू रविवारी सकाळी नववीच्या मुलांना धक्क्यावर नेलंस. वितीवितीवर खुणा केलेला बांबू पाण्यात रोवला. तुझ्या पडद्याप्रमाणे साडेआठला पाणी थांबायचं होतं. मुलं खुणा वाचत बसली. साडेआठ झाले, पाणी चढतंच. पावणेनऊ झाले, चढतंच. एका मुलीची वही भिजली. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते, पण वाचत नव्हते, तुझं तोंड बघत होते. तेवढ्यात आये माशांची पाटी घेऊन धक्क्यावरून वर आली.

"काय गो शैले, समुद्राक छडी मारतंस?"

"पाणी थांबूचां हुतां आये साडेआठाक."

"कित्याक? आज काय तिथ?"

"द्वादशी."

आयेने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. "मेले, दशमी गळली मा ह्या पंधरवड्यात! आज त्रयोदशी. कॉम्प्युटरात समुद्र घातलंस आणि पंचांग घालूक इसारलंस?"

मुलं पोट धरून हसली. तूही हसलीस. तू अमावास्येपासून दिवस मोजले होतेस, एक, दोन, तीन. आणि पंचांगात एक तिथी क्षय झाली होती. पाणी तिथीप्रमाणे आलं, तुझ्या बोटांप्रमाणे नाही. सव्वानवाच्या पुढे ते थांबलं. त्यानंतर तू काहीही विसरलीस, छत्री, चष्मा, हजेरी, की मी म्हणायची, "काय, तिथ गळली?" किती वर्षं मी ते म्हटलं! तुला ते लागत असेल असं मला कधी वाटलं नाही.

या मार्गशीर्षात तू ठरवलंस की एकदा पुरा शुक्ल पक्ष मोजायचा. रोज उजेडात जी भरती मिळेल ती, सकाळची नाहीतर संध्याकाळची. मुलांच्या जोड्या पाडल्यास. नोंदीची वही सुप्रियाकडे, तिचं अक्षर चांगलं. प्रतिपदेपासून सुरुवात झाली. त्रयोदशीपर्यंत नोंदी झाल्या आणि गावची जत्रा लागली. दशावतार बघून जागलेली पोरं दुसऱ्या दिवशी बांबूशी येणार नाहीत हे तुलाही माहीत होतं. मोजणी तिथेच थांबली. वही माझ्याकडे आली.

मी बिंदू काढले. अष्टमीपर्यंत ठीक. पुढचे सगळे बिंदू कुठेतरी भलतीकडे गेले. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी मी माझा कागद काचेवर लावला आणि तू तुझी रेषा त्याखाली धरलीस. मराठीचे सर आणि चित्रकलेचे सर होते. बिंदू तुझ्या रेषेवर नव्हते. ते बाबांच्या पाऊणपटीवरही नव्हते. तिथेच मला शंका यायला हवी होती, शैला. गणिताच्या बाईला यायला हवी होती. दोन्हींवर नसतील तर बिंदूच तपासावेत. पण मला तेव्हा एवढंच दिसलं की इतक्या वर्षांचं आपलं भांडण मी जिंकते आहे.

मी म्हटलं, "शैला, तुझो समुद्र कागदावरचो. खरो समुद्र तुका इचारीत नाय."

चित्रकलेचे सर म्हणाले, "बाईनू, समुद्राक नापास करून टाका!" आणि सगळे हसले. मीही.

तू कागदाकडे बघत राहिलीस. अष्टमीच्या जागी बोट ठेवलंस, तिथून पुढे सरकवत नेलंस, परत मागे आणलंस. मग तुझी रेषा काचेवरून काढलीस आणि घडी घातलीस. "वही तुझ्याकडेच ठेव," म्हणालीस. "परत बघ."

मला वाटलं, तू रागावलीस. त्या दिवसापासून तू भरतीचा विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. बाकी सगळं चालू होतं. चहा, पूर्वपरीक्षेचे पेपर, तुझ्या डब्यातलं माझ्या ताटलीत. पण तू गप्प होतीस, आणि कोणती गप्प ते मी ओळखलं नाही.

जानेवारी लागल्यावर मी नव्या हजेरीवहीला कव्हर घालत होते. दरवर्षीप्रमाणे जुन्या कॅलेंडरच्या पानाचं. डिसेंबरचं पान उलटं करून घडी पाडताना बोटाखाली दोन चौकोन आले, शेजारशेजारचे. दोन्हींत अष्टमी छापलेलं होतं.

मी नोंदीची वही काढली. सुप्रियाने लिहिलं होतं, अष्टमी. खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, पुन्हा अष्टमी. त्या दुसऱ्या अष्टमीवर माझ्या लाल शाईची काट होती आणि वर माझ्या अक्षरात 'नवमी'. पोरीने चुकून दोनदा लिहिलं असं समजून मी दुरुस्त केलं होतं. मग खालची नवमी मी दशमी केली, दशमीची एकादशी, आणि अशी शेवटच्या ओळीपर्यंत. गळलेल्या तिथीवरून तुला इतकी वर्षं हसले, आणि तिथी कधी वाढतेही हे माझ्या डोक्यात आलं नाही. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं. बघायला उठलेही नाही. वही तपासताना लाल पेन हातात असलं की मुलं चुकलेली असतात, ही माझी सवय. त्या पेनाने मी समुद्राच्या सहा नोंदी सुधारल्या होत्या.

तो सोमवार होता. त्याच संध्याकाळी मी नवा आलेख काढला. अष्टमीवर दोन बिंदू, थोडे वरखाली. त्यापुढचे तुझ्या वाकड्या रेषेवर. रेषेची एक प्रत माझ्याकडे होती, म्हणून मला घरीच दिसलं. तीन बिंदू अजूनही जरा बाहेर आहेत, वाऱ्याने असेल, आपण त्यावर भांडलो असतो. पण रेषा तुझी बरोबर होती. भांगाच्या आसपास वेळ ताणली जाते. बाबा कुठे चुकत होते आणि तरी का चुकले नाहीत ते त्या कागदावर होतं.

मंगळवारी तो कागद माझ्या पिशवीत होता. तू समोर पेपर तपासत होतीस. मी म्हटलं, चहात आज साखर कमी आहे. बुधवारी मी ठरवलं की सगळ्यांसमोर बोलले तर सगळ्यांसमोरच कबूल करायला हवं. मराठीचे सर रजेवर होते. ते बरंच झालं असं मला वाटलं. तेच खरं आहे. मला एक दिवस मिळाला होता आणि मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी, जिन्यात, तू म्हणालीस, "मंदे, तुका माका काय सांगूचां आसा?"

मी म्हटलं, "नाय गो. कित्याक?"

"काय नाय," तू म्हणालीस आणि हसून वर गेलीस.

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले ते रुग्णालयाच्या गाडीत, आणि ते तू ऐकलंस की नाही ते कुणालाच सांगता येणार नाही. तिथेही मी आलेखाबद्दल बोलले नाही. मी म्हणत होते, "शैला, पोचलोच आता, पोचलोच."

त्या पुढच्या सोमवारी मी स्टाफरूममध्ये दोन्ही कागद काचेवर लावले आणि मराठीच्या सरांना आणि चित्रकलेच्या सरांना बोलावलं. सांगितलं की चूक माझी होती, शैलाची नव्हती. दोघांनी कागद बघितला. चित्रकलेचे सर खाली बघत म्हणाले, "बाईनू, आता त्याचां काय?" त्यांना वाईट वाटत होतं. मला काय म्हणायचं आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. कागद काढले तेव्हा काचेवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले.

तेरावं झाल्यावर मी आयेकडे गेले. ती ओट्यावर बसली होती, पाटी उपडी घालून. मी वही आणि कागद तिच्यासमोर ठेवले. तिला आलेख वाचता येत नाही, म्हणून मी तोंडानेच सांगितलं. डिसेंबरातली दुसरी अष्टमी, माझं लाल पेन, स्टाफरूममध्ये मी काय बोलले ते, सगळं. म्हटलं, "आये, चूक माझी हुती. तिका सांगूचां रवलां."

"म्हायत आसा," आये म्हणाली.

मला वाटलं, तिने ऐकलं नाही. "काय म्हायत आसा?"

"तुझी चूक. त्याच दिवशी घराक येऊन हसत हुतां आमचां शैला. म्हणता, आये, मंदान तिथ वाढलेली बघूक नाय. मी म्हटलंय, अगो मगे सांग तिका, ती तुका हसता मा सदीची? तर म्हणता कसां, 'नाय. मी सांगलंय तर ती माझ्यार विश्वास ठेवतली. तिचां तिकाच गावांदे.'" आयेने पदराने तोंड पुसलं. "रोज इचारी मी, गावलां काय गो तिका? रोज म्हणा, अजून नाय."

मी विचारलं, "गुरुवारी? गुरुवारी सकाळी काय म्हणालां?"

"गुरुवारी माका बाजारात लवकर जावचां हुतां," ती म्हणाली. "इचारूक नाय."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. तू तीन आठवडे गप्प होतीस, रागावून नव्हे. नेमकं माझ्याच अटीवर तू मला एका बाजूला बसवून ठेवलं होतंस, जसं पोरांना पट्टीला हात लावू न देता बसवायचीस. आणि मला उत्तर सापडलं होतं. तीन दिवस ते माझ्या पिशवीत होतं. आपण एकाच टेबलाशी बसलो होतो, तू वाट बघत होतीस आणि मी धैर्य गोळा करत होते, आणि जिन्यात तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं. माझ्या तोंडावर तुला दिसलं असेल का? तू हसलीस ते दिसल्यामुळे हसलीस का? मी ते हसू पुन्हापुन्हा बघते. कधी वाटतं हो, कधी वाटतं तू फक्त जिना चढत होतीस. हे मोजायला काही नाही. इथे मी बिंदू कशाचे काढू?

तुझे आभार मानावेत असं मला वाटतं आणि ते शब्द लिहिले की खोटे दिसतात. एवढं सांगते. इथे येऊन मला खूप वर्षं झाली, तरी समुद्र बघायला मी तुझ्या पडद्यावर शिकले. तुला पडद्याबाहेर बघायला मी भाग पाडलं असं मी समजत होते, पण तू जन्मापासून बाहेरच होतीस. आत यायचं मला होतं.

नववीचे विज्ञानाचे तास मुख्याध्यापकांनी मला दिले आहेत. संगणक मला चालू करता येतो, तुझी फाइल उघडता येते, पट्टी सरकवता येते. नवी पट्टी जोडता येत नाही. सुप्रियाची वही मी तिला परत केली, माझ्या लाल शाईवर काट मारून आणि खाली सही करून. तिने ती वाचली आणि दप्तरात ठेवली. चतुर्दशी आणि पौर्णिमा या दोन तिथींची मोजणी व्हायची आहे.